फुटलं, फोडलं, हातून फुटलं

गुरुजी : बाई, तुमच्या वर्गातली मुलं चार ते सहा वर्षांची. एवढ्याशा मुलांना आपल्या चुकीची जबाबदारी घ्यायला शिकवायचं, असं तुम्ही म्हणता तेव्हा मी अडतो तो 'शिकवायचं' या शब्दापाशी. ३८ वर्षं मी शाळेत काढली. मी शिकवलं असं मला वाटायचं ते एक आणि मुलं शिकायची ते दुसरंच, असं कितीदा तरी झालं. आता हे 'सॉरी'चंच बघा. मधल्या सुट्टीत दोन मुलांची ढकलाढकली होते, एक पडतं, गुडघा फुटतो. मोठं माणूस धावत येतं आणि ढकलणाऱ्याचा दंड धरून म्हणतं, 'आधी सॉरी म्हण.' तो म्हणतो. मोठ्या माणसाचा चेहरा निवळतो. पडलेलं पोर मात्र रडतच असतं आणि त्याच्या गुडघ्याकडे ढकलणाऱ्याने एकदाही पाहिलेलं नसतं. तो शिकला काय? अमुक शब्द उच्चारला की मोठ्यांचा राग उतरतो, एवढंच. आमच्या काळी सॉरी नव्हतं. अंगठे धरणं होतं, कान धरून उठाबशा होत्या. दहा काढल्या की हिशेब मिटला. चूक कोणाच्या बाबतीत झाली, त्याचं पुढे काय झालं, हे उठाबशा मोजताना कोणाच्या डोक्यात असायचं? म्हणून मला वाटतं, या वयात आपण मोठ्यांच्या रागातून सुटायची वाट शिकवतो आणि तिला जबाबदारी म्हणतो.

बाई : सॉरीबद्दल आपलं भांडणच नाही, गुरुजी. मी तो शब्द मागतच नाही. माझ्या वर्गात खिडकीखाली, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर एक खिळा आहे. त्याला फडकं टांगलेलं असतं. खाली छोटी केरसुणी आणि सुपली. जूनमध्ये नवीन मूल येतं, त्याच्या हातून पाणी सांडतं, की ते आधी माझ्या तोंडाकडे बघतं. त्या बघण्यातून मला त्याचं सगळं घर कळतं. मी बोलत नाही, फडक्याकडे बघते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बहुतेक मुलांचं माझ्याकडे बघणं थांबतं. पाणी सांडतं, मूल उठतं, फडकं आणतं, पुसतं, पिळतं, पुन्हा टांगतं. कधी शेजारचं मूलही मदतीला उठतं. यात मी नवीन काही शोधलेलं नाही. माँटेसरीबाईंनी मुलांच्या हातात खरे काचेचे पेले आणि चिनी मातीच्या बशा दिल्या, त्या फुटतात म्हणूनच दिल्या. प्लॅस्टिकचा पेला पडला तरी तसाच राहतो, मग सांभाळून कशासाठी धरायचा? त्यांच्या साधनांतही हेच आहे. लाकडी ठोकळ्यातल्या खळग्यांत कमीजास्त जाडीचे गट्टू बसवायचे. मध्ये कुठे चूक झाली की शेवटी एक गट्टू हातात उरतो, त्याला जागाच नसते. 'चुकलं' असं बाईंनी म्हणायची गरज पडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे शिक्षण कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेलं, तेव्हा विकतच्या साधनांच्या जागी बिया आणि शिंपले आले. पैसा लागत नाही याला. एक खिळा लागतो आणि बाईला गप्प राहता यावं लागतं.

गुरुजी : फडकं मला पटतं. पण सांडलेलं पाणी ही सोपी चूक झाली. ती सगळ्यांसमोर होते, कोणाला लागत नाही, दोन मिनिटांत पुसली जाते. जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो तो लपवता येईल तिथे. कोणी बघत नसताना दुसऱ्याचं चित्र फाटलं, मग? तिथे मुलाने स्वतःच्या मनात काहीतरी तोलायला हवं आणि तो तराजू या वयात तयार असतो का, ही माझी शंका आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी १९३२ साली मुलांच्या नीतिविचारावर पुस्तक लिहिलं. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाला जेवायला हाक मारतात, तो दार ढकलतो. दारामागे खुर्चीवर ट्रेमध्ये १५ कप ठेवलेले आहेत हे त्याला ठाऊक नसतं, पंधराही फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना मुरंबा काढायला कपाटापर्यंत चढतो आणि त्याच्या धक्क्याने एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं सांगत, १५ कपवाला. मग अशा मुलाला 'ही तुझी चूक' असं म्हणताना तुम्ही त्याच्या पदरात काय टाकता? नुकसानीचा आकडा आणि तुमचा चढलेला आवाज.

आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही हे कळलेलं होतं. महाभारताच्या आदिपर्वातली अणीमांडव्याची गोष्ट आठवा. मौन धरून तप करणाऱ्या या ऋषीच्या आश्रमात चोर लूट लपवतात आणि राजाची माणसं ऋषीलाच सुळावर देतात. पुढे तो यमधर्माला जाब विचारतो, माझं पाप कोणतं? उत्तर येतं, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य संतापतो, माणसाचा जन्म घे म्हणून धर्माला शाप देतो, तोच विदुर. आणि तो नियम घालून देतो की १४ वर्षांपर्यंतच्या मुलाचं कृत्य पाप धरायचं नाही. आजचा कायदा तेच सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २० सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा मानत नाही. कलम २१ सात ते बारा वर्षांच्या मुलाला परिणामांची समज होती का, ते आधी बघायला लावतं. ऋषी आणि कायदा दोघंही हात राखून आहेत आणि आपण चार वर्षांच्या पोराला उभं करून विचारतो, चूक कबूल आहे का?

बाई : मांडव्याची गोष्ट तुम्ही माझ्याच बाजूने सांगितलीत. तो चिडला कशाने? शिक्षा अपराधापेक्षा कितीतरी मोठी होती आणि ती कशाबद्दल आहे, हे जाऊन विचारल्याशिवाय त्याला कळलंच नाही. काडी टोचली लहानपणी आणि सूळ आला कितीतरी वर्षांनी. त्या दिवशी, त्या गवतात, कोणी त्याचा हात हलकेच धरून 'अरे, त्याला दुखतं' असं म्हटलं असतं तर? कायदाही शिक्षा करू नका म्हणतो, शिकवू नका म्हणत नाही. राहिले पियाजे. त्यांच्या गोष्टीत एकीकडे १५ कप आणि दुसरीकडे एक, मूल त्या ढिगाकडेच बघणार. नंतरच्या अभ्यासकांनी नुकसान सारखं ठेवून हेतू ठळकपणे सांगितला, तेव्हा बऱ्याच लहान मुलांनाही चुकून आणि मुद्दाम यातला फरक कळतो असं दिसलं. मला ते सांगायला अभ्यासक लागत नाहीत. 'बाई, त्याने मुद्दाम केलं' ही माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. ज्याला मुद्दाम कळतं, त्याला चुकून कळतंच.

आणि हा फरक करायला आपल्या भाषेने केवढी सोय करून ठेवली आहे, बघा. फुटणं आणि फोडणं, पडणं आणि पाडणं, फाटणं आणि फाडणं, तुटणं आणि तोडणं. 'कप फुटला' म्हटलं की तिथे माणूसच नाही, कप आपला आपण फुटला. 'मी कप फोडला' म्हटलं की हातात दगड घेऊन फोडल्यासारखं वाटतं. आणि दोन्हींच्या मध्ये तिसरं वाक्य आहे : 'माझ्या हातून कप फुटला.' हात माझा होता, हे त्यात आहे. मनात नव्हतं, हेही आहे. आता आपण मोठी माणसं विचारतो काय? 'कोणी फोडला?' प्रश्नातच आपण मुद्दामपणा घातलेला असतो. मूल म्हणतं, 'मी नाही फोडला.' आपण म्हणतो, खोटं बोलतोय. ते खोटं नसतं हो. त्याने खरंच फोडलेला नसतो, त्याच्या हातून फुटलेला असतो. त्याला ते वाक्य कोणी दिलेलं नसतं. मी वर्गात 'कोणी' हा शब्द टाकला. मी विचारते, 'काय झालं?' आणि माझ्या हातून काही पडलं की मोठ्याने म्हणते, 'माझ्या हातून पडलं.'

गुरुजी : हे मला आधी कोणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर 'कोणी'नेच सुरुवात केली. पण या तिसऱ्या वाक्याचीही एक भीती सांगतो. मोठी माणसं ते कसं वापरतात? 'आमच्याकडून राहून गेलं', 'अनवधानाने झालं', 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर'. 'हातून' म्हणता म्हणता हात कधी गळून पडतो, कळत नाही. तुमचं मूल दहा वर्षांचं होईल तेव्हा तेही म्हणेल, 'माझ्या हातून मारलं गेलं.'

बाई : म्हणेल. तेव्हा त्याला सांगावं लागेल की 'मारलं' हे 'मी'नेच सुरू होतं. आज त्याच्याकडे 'मी नाही' एवढं एकच वाक्य आहे आणि ते त्याला घरातूनच मिळतं. मूल टेबलावर आपटतं. आजी टेबलाला चापट मारते, 'हात् रे टेबल! आमच्या बाळाला लावलं.' मूल रडायचं थांबतं. पण त्याला कळतं काय, की मी आपटलो तरी कोणीतरी मला आपटवलं. पुढे परीक्षेत पेपर अवघड निघतो, बाई खुन्नस काढतात, पंच चुकीचा असतो. आणि आता तर वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आईवडीलच आधी लिहितात, 'आमचा असं करणारच नाही.' मुलाला विचारायच्या आत निकाल लागलेला असतो.

गुरुजी : आजीला सोडा, बाई. मी आजीच्या बाजूने आहे. मूल पडलं की 'बघ, मुंगी मेली' म्हणतात, त्यात जबाबदारी ढकलण्यापेक्षा दुखण्यावरून लक्ष काढायचं असतं. रडणाऱ्या पोराला कार्यकारणभाव शिकवत बसणारी आजी मला नको. आधी कुशीत घ्यावं, बाकीचं नंतर. तुम्ही फार सरळ रेघ ओढता. टेबलाला चापट, मग पेपर अवघड, मग आणखी काही. माणसं अशी घडत नाहीत.

बाई : चापटीचं मी मागे घेते. व्हॉट्सॲपचं नाही. मे २०२४मध्ये पुण्यात १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीने मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं आणि सगळा महाराष्ट्र त्या निबंधावर संतापला. मला निबंधापेक्षा पुढची बातमी लागली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली पोलिसांनी त्याच्या आईवडिलांना अटक केली. आरोपाचं काय ते न्यायालय ठरवेल. पण ती बातमी वाचताना मी माझ्या खिळ्याकडे बघत होते. मुलाने सांडलेलं आपण पुसायचं, ही सवय किती वर्षं आधी लागते?

गुरुजी : तुमची तळमळ कळते. तरीही त्या दोन जिवांशेजारी सांडलेलं पाणी ठेवू नका. तिथे पैसा आहे, ओळखी आहेत, दारू आहे, गाडी आहे. खिळ्यावरच्या फडक्याने ते थांबलं असतं असं आपण म्हणालो, तर आपण स्वतःलाच फसवू. आणि खरं सांगू? मुलं चूक लपवतात ती संस्कार कमी पडले म्हणून नव्हे, भीती जास्त पडली म्हणून. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने छडी बंद केली. छडी गेली, पण 'येऊ दे बाबांना घरी' हे कुठे गेलं?

बाई : यावर मी वाचलेलं सांगते. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या दोघांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. एका शाळेत मारण्याची शिक्षा होती, दुसरीत नव्हती. खेळणं पाठीमागे ठेवायचं, 'मी येईपर्यंत वळून बघू नकोस' असं सांगून माणूस बाहेर जातो. मुलं वळून बघतातच. मग विचारायचं, बघितलंस का? मारणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि ते खोटं त्यांनी जास्त सफाईने निभावून नेलं. तीन वर्षांची मुलं, गुरुजी! भीतीने त्यांना तरबेज केलं. याच अभ्यासकांनी २०१४ साली आणखी एक प्रयोग मांडला. मुलांनी वळून बघितल्यावर त्यांना एक गोष्ट वाचून दाखवायची आणि मग विचारायचं. काहींना 'लांडगा आला रे आला', काहींना नाक लांब होणाऱ्या बाहुल्याची, काहींना जॉर्ज वॉशिंग्टनने वडिलांचं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं ती. लांडग्याने काही झालं नाही, नाकानेही नाही. वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं खरं जास्त बोलली, कारण तिच्यात वडील खुश होतात. तीच गोष्ट खोट्याच्या वाईट परिणामावर भर देऊन सांगितली, तर तिचाही उपयोग झाला नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या लांडगाच सोडत आलो आहोत.

गुरुजी : वॉशिंग्टनची ती गोष्ट वीम्स नावाच्या चरित्रकाराने रचलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. खरं बोलण्याची गोष्टच खरी नाही. पण तुमच्या बोलण्यावरून मला दुसरं सुचलं. आपल्याकडे प्रत्येक मुलाला सांगितली जाणारी शाळेतली गोष्ट कोणती? लोकमान्य टिळकांची. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली असतात, मास्तर सगळ्यांना उचलायला लावतात आणि लहानगा टिळक म्हणतो की शेंगा मी खाल्लेल्या नाहीत, टरफलं मी उचलणार नाही. मीही दर १ ऑगस्टला सांगत आलो. फार बाणेदार गोष्ट आहे. पण ती न केलेल्या चुकीबद्दलची आहे. ज्यांनी शेंगा खाल्ल्या होत्या, त्यांचं त्या गोष्टीत काय होतं? त्यांच्यातल्या एकानेही उठून 'मी खाल्ल्या' म्हटल्याची गोष्ट आपल्याकडे नाही.

बाई : आहे की. गांधीजींची. मोठ्या भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला, पंधराव्या वर्षी. राहवेना, तोंडाने सांगवेना, म्हणून चिठ्ठी लिहिली, शिक्षा मागितली आणि आजारी वडिलांच्या हातात दिली. वडील उठून बसले, वाचलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि चिठ्ठी फाडून टाकली. पाटीवरचं पुसावं तशी.

गुरुजी : ती गोष्ट लहान मुलांना सांगताना मी नेहमी बिचकत आलो. पहिलं म्हणजे तो १५ वर्षांचा होता. दुसरं म्हणजे त्या अश्रूंचं मला भय वाटतं. पंधराव्या वर्षी ते अश्रू पोराला पावन करतात, पाचव्या वर्षी ते त्याला चिरडतात. घरोघर आया रडतात, 'तू मला किती छळतोस'. छडी परवडली, ती हातावर बसते. आईच्या रडण्याचा वळ कुठे शोधायचा? मूल चूक दुरुस्त करायचं सोडून आईला सांभाळायला लागतं. त्यापेक्षा मला साने गुरुजींनी 'श्यामची आई'त सांगितलेली अळणी भाजी जवळची वाटते. आई मीठ घालायला विसरते, वडील एक शब्द न बोलता जेवून उठतात, मुलंही तशीच जेवतात. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि तिचं तिलाच वाईट वाटतं. कोणी बोट दाखवलं नाही आणि चूक जिची होती तिच्यापर्यंत बरोबर पोचली. तुमचा गट्टूच तो. शेवटी उरतो.

बाई : मला ती गोष्ट आवडते आणि खुपतेही. इतकं सोसून गप्प राहणाऱ्या माणसांसमोर चूक किती जड होत असेल! 'अगं, मीठ राहिलं' एवढं हसत म्हणता आलं असतं. चूक बोलता येण्याजोगी हलकी राहायला हवी. आपल्याकडे एक तर चूक म्हणजे डोंगर, नाहीतर ती झालीच नाही. मधलं काहीच नाही. म्हणून मी म्हणते, घरात आणि वर्गात चूक कबूल करणं स्वस्त करा.

गुरुजी : स्वस्त कोणासाठी, बाई? माझा खरा आक्षेप इथे आहे आणि तो मी इतका वेळ टाळत होतो, कारण त्यात मीच आहे.

चौथीचा वर्ग होता. एका मुलाची नवी कंपासपेटी हरवली. तालुक्याहून आणलेली, त्याचे वडील गावातले वजनदार. मी विचारलं, 'कोणी घेतली?' कोणी बोललं नाही. मग मी दप्तरं तपासायला घेतली. पहिलं दप्तर कोणाचं उघडलं? पालावरच्या पारधी मुलाचं. वर्गात ४२ मुलं होती. मी दारापासून सुरुवात केली नाही, हजेरीपटाच्या क्रमाने केली नाही. सरळ त्याच्याकडे गेलो. त्याच्याकडे दप्तर नव्हतंच, खताच्या गोणीची शिवलेली पिशवी होती. ती मी बाकावर उलटी केली. पाटी, एक वही, भाकरीचं फडकं. दुसऱ्या दिवशी पेटी जिची होती त्या मुलाच्याच घरी सापडली. वडिलांनी मला रस्त्यात हसत सांगितलं. मीही हसलो.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवला. तो कायदा गेला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. माझ्या हातातून तो गेला नव्हता. आता सांगा, त्या पोराला मी कुठल्या तोंडाने जबाबदारी शिकवणार होतो? तुमचं मूल 'माझ्या हातून झालं' म्हणतं तेव्हा बाई म्हणतात, शाबास, खरं बोललास. पालावरचं मूल तेच म्हणेल तेव्हा लोक म्हणतील, वाटलंच होतं. कबुली एकाला मोठा करते आणि दुसऱ्यावर शिक्का मारते. कबूल करण्यासाठी आधी पत लागते. टिळकांना 'मी उचलणार नाही' म्हणता आलं, त्यालाही पत लागते. त्या पोराकडे दोन्ही वाक्यं नव्हती. तो काहीच बोलला नाही. सामान पुन्हा पिशवीत भरलं आणि त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केला नाही.

बाई : याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि आता मलाही एक सांगायला हवं, नाहीतर मी इथे बसून बोलण्यात अर्थ नाही.

गेल्या गुरुवारी वर्गात रंग सांडला. निळा. दुसऱ्या मुलीच्या चित्रावर. मी पाठमोरी होते. वळले आणि एका मुलाकडे बघून त्याचं नाव घेऊन म्हटलं, 'परत?' तो धांदरट आहे, आठवड्यातून चार वेळा त्याच्या हातून काही ना काही सांडतं. तो उठला, खिळ्यावरचं फडकं आणलं, फरशी पुसली, फडकं पिळलं, टांगलं. मला केवढा अभिमान वाटला! सेविकाताईंनी संध्याकाळी सांगितलं, रंग त्याने सांडलाच नव्हता. तो कडेला उभा होता. सांडणारी मुलगी दुसरीच, नेहमी नीटनेटकी असणारी. ती गप्प राहिली आणि तिच्याकडे मी पाहिलंही नाही.

तो का बोलला नाही, हे तीन दिवस मला सुटत नव्हतं. आता तुमचं ऐकताना सुटलं. फडकं आणून पुसलं की विषय संपतो, हे मीच त्याला शिकवलं. न खाल्लेल्या शेंगांची टरफलं त्याने उचलली, गुरुजी, आणि मी ती जबाबदारीची खूण समजले. पुसणारा हात बघून मला वाटायचं की आत काहीतरी घडतंय. आत काय घडलं ते मी विचारलंच नव्हतं.

गुरुजी : मग खिळा काढणार?

बाई : नाही. सांडलेलं पुसायला फडकं लागतंच. पण माझ्या गप्प राहण्यावर माझा फार विश्वास होता, तो आता नाही. 'परत?' हा एक शब्द माझ्या तोंडून गेला, त्यात मी त्याची पिशवीच उलटी केली की. 'कोणी' हा शब्द मी टाकला म्हणून फुशारकी मारली आणि उत्तर मनात धरूनच वळले. उद्या प्रार्थना झाली की मी त्याला सांगणार आहे, 'रंग तू सांडला नव्हतास, मी न विचारता तुझं नाव घेतलं, माझं चुकलं.' 'माझ्या हातून' नाही म्हणणार. ते मी केलं.

गुरुजी : सगळ्यांसमोर?

बाई : नाव सगळ्यांसमोर घेतलं होतं.

गुरुजी : आणि ती मुलगी? तुम्ही हे बोलाल तेव्हा ती समोर बसलेली असेल. तिचं नाव तुम्ही घेणार नाही, ते बरोबरच आहे. पण गप्प राहिलं की दुसऱ्याकडून पुसून होतं आणि वर बाईच माफी मागतात, हे ती शिकली तर?

बाई : शिकेल कदाचित. किंवा दुपारी जवळ येऊन उभी राहील. मी तिला बोलावणार नाही, वाट बघेन. किती दिवस बघायची ते मला माहीत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?

गुरुजी : मला विचारू नका. तुमचा गुरुवार होऊन चार दिवस झाले. माझ्या त्या दिवसाला २९ वर्षं झाली. तो मुलगा आता आमच्या आठवडी बाजारात लिंबू-मिरची घेऊन बसतो. मी दिसलो की उठून उभा राहतो, 'गुरुजी, नमस्कार' म्हणतो आणि दोन लिंबं जास्त टाकतो. मी ती घेऊन घरी येतो. त्याला मी अजून काहीच बोललेलो नाही.